कुंद्याच्या कढईवर बहिरा मुलगा ठेवला, तर बिघडलं काय?

शहापूरचा मिठाईवाला: आमचं बेळगावच्या शहापुरात छोटं दुकान, कुंदा म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई, आणि फरसाण. दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातला, जन्मापासून ऐकू न येणारा एक मुलगा कुंद्याच्या कढईवर घेतला. परवा एक व्यापारी मित्र म्हणाला, "पुण्याचं काम करायलास, खरं धंद्यात असली माणसं परवडत नाहीत." ते पुण्य मला टोचलं. मी त्याला पगार देतो, दान नव्हे. कुंदा डोळ्यांनी आणि नाकानं करायचा पदार्थ. पांढऱ्याचा बदामी, बदामीचा तांबूस व्हायला लागला की नजर हलली, खाली लागलंच. बाकीचे कारागीर गप्पांत कढई विसरतात, हा विसरत नाही. हॉटेल-बेकरीत दिव्यांगांना घ्यावं की नाही, मनापासून सांगा.

कॅम्पातला हॉटेलवाला: मिठाईची कढई एका जागी असते ओ. आमचं किचन बोळकांडाएवढं, आणि ते ओरडण्यावर चालतं. "बाजू, गरम!" म्हणून मागून कोण तेलाचं पातेलं आणतोय, आणि ज्याला ऐकूच येत नाही तो मागं वळला तर? त्याच्या आईला मी काय सांगू? शिवाय अन्नपदार्थ हाताळणाऱ्यांना दरवर्षी वैद्यकीय दाखला लागतो, तो कसा मिळणार? मन आहे, हिंमत नाही.

निपाणीची आई: दादा, माझा मुलगा कर्णबधिर आहे म्हणून बोलते. तो दाखला कुणाला संसर्गजन्य रोग आहे का, हे बघायला असतो. त्यात त्वचा बघतात, डोळे तपासतात. ऐकू येत नाही म्हणून तो अडत नाही. तेलाच्या पातेल्याची तुमची भीती मात्र खरी, तिला मी हसणार नाही. खरं ते तेल ऐकू येणाऱ्यालाही भाजतं. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी ठेवा, वळणावर आरसा लावा, बेलला बल्ब जोडा. एवढं केलं तर तुमची सगळीच पोरं वाचतील.

मिठाईवाले मामा, तुम्हालाही एक सांगते. "हा विसरत नाही" म्हणून त्याला डोक्यावर घेऊ नका. उद्या त्याची एक कढई लागली, तर बाकीच्यांना जेवढं रागावता तेवढंच त्याला रागवा. चुकायची मुभा नसलेली नोकरी फार दिवस टिकत नाही.

आणि हे बाहेरचं खूळ नाही. मिट्टी कॅफे २०१७ मध्ये आपल्या शेजारी हुबळीतच सुरू झालं. तिथं दिव्यांग मुलंच चहा-नाश्ता करतात, वाढतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची शाखा थेट सर्वोच्च न्यायालयात उघडली, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या हस्ते.

चिकोडीकर: ताई, त्यांच्यामागं मोठी संस्था आहे. छोट्या हॉटेलवाल्यानं हळू काम करणाऱ्याला पूर्ण पगार कुठून द्यायचा? निम्म्या पगारात ठेवला तर निदान घरी बसणार नाही.

निपाणीची आई: निम्मा का? भांडी तेवढीच घासतो ना? काम बघून पगार ठरवा, अपंगत्वाचं कार्ड बघून नको. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात आता २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी मालकालाही समान संधीचं धोरण सविस्तर लेखी मांडावं लागतं. छोट्यांचं धोरण थोडक्यात चालतं, माणुसकी थोडक्यात नाही.

खानापूरकर: आपल्या भागातलं एक कुणी बोललं नाही. बेळगावच्या हॉटेलात एक गिऱ्हाईक मराठीत बोलतंय, दुसरं कन्नडात, तिसरं हिंदीत. नवा वेटर तिघांत गोंधळतो. चित्रं आणि दर असलेलं मेनूकार्ड टेबलावर ठेवलं की बोट दाखवून ऑर्डर होते, आणि बहिऱ्या पोराला तिन्ही गिऱ्हाइकं सारखीच. महाराष्ट्रातल्या चंदगडचा पोरगाही इकडं येऊन काम करू शकतो, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र देशभर चालतं.

कॅम्पातला हॉटेलवाला: ताई, पगाराचं पटलं. खरं फोडणीजवळ मी अजून तयार नाही. पॅकिंग, पोळ्या, कोशिंबीर, इथपर्यंत या महिन्यात एकाला घेतो.

निपाणीची आई: घ्या दादा. फक्त पॅकिंगलाच वर्षानुवर्षं ठेवू नका. सहा महिन्यांनी त्यालाच विचारा, फोडणी शिकायची का म्हणून.

कॅम्पातला हॉटेलवाला: विचारतो. मिठाईवाले, तुम्ही त्याला खवा की साखर हे सांगता कसं?

शहापूरचा मिठाईवाला: गालाला बोट लावलं की साखर, तळहात चोळला की खवा. त्यानंच ठरवलंय, आम्ही शिकलो. सकाळी साडेसहाला कढई चढते, या.