एकाच लीगमध्ये तीनशेपट पगार: याला मर्यादा हवी की नको?

राखीव बाक

अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरच्या (एमएलएस) खेळाडूंची संघटना सगळ्यांचे पगार नावानिशी जाहीर करते. २०२३ च्या यादीत लिओनेल मेस्सीच्या नावापुढे वर्षाला सुमारे २ कोटी ४ लाख डॉलर होते. त्याच वर्षी त्याच लीगमध्ये राखीव यादीतल्या खेळाडूचं किमान वेतन होतं ६७,३६० डॉलर. तीनशेपट! अ‍ॅपल आणि अ‍ॅडिडासकडून मेस्सीला मिळणारा वाटा यात धरलेलाच नाही.

६७ हजार डॉलरमध्ये कुणी उपाशी राहत नाही, हे मलाही कळतं. पण गोल करणारा एकट्याच्या जिवावर गोल करत नाही. त्याला जागा मिळावी म्हणून कुणीतरी बचावपटूला बाजूला ओढून नेतो, चेंडू गेला की अर्धं मैदान मागे पळतो, वेळ आली तर पिवळं कार्डही अंगावर घेतो. टेनिसपटूने हवं तेवढं कमवावं, कोर्टवर तो एकटा असतो.

बार्सिलोनाचं काय झालं? २०२१ च्या सुरुवातीला मेस्सीचा करार एका स्पॅनिश वृत्तपत्राने फोडला: चार वर्षांचे ५५ कोटी युरोंहून जास्त. त्याच ऑगस्टमध्ये अध्यक्ष लापोर्तांनी क्लबच्या डोक्यावर १३५ कोटी युरोंचं कर्ज असल्याचं सांगितलं. लीगच्या खर्चमर्यादेत बसेना म्हणून मेस्सीलाच जावं लागलं आणि नव्या खेळाडूंची नोंदणी व्हावी म्हणून संघातल्याच बचावपटू पिकेने स्वतःचा पगार कापून घेतला.

माझं म्हणणं सरळ आहे. एका क्लबमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी पगारात वीसपटीहून जास्त फरक नसावा. बोला.

गोलपोस्टमागे

साफ असहमत. वरून झाकण लावायचा प्रयोग इंग्लंडमध्ये साठ वर्षं चालला. १९०१ मध्ये कमाल वेतन ठरलं आठवड्याला ४ पौंड. १९६० पर्यंत ते कसंबसं २० पौंडांवर पोचलं, उन्हाळ्यात १७. स्टँड तुडुंब भरत होते आणि त्या गर्दीचा पैसा खेळाडूच्या हाती जात नव्हता. समता वगैरे काही आली नाही, आला तो काळा पैसा. खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून १९५७ मध्ये संडरलँडसारख्या बड्या क्लबला दंड झाला.

त्या काळचा खेळाडू संघटनेच्या सभेचा एक किस्सा सांगतात. खालच्या दर्जाच्या क्लबचा एक तरुण उठून म्हणाला, माझे वडील कोळशाच्या खाणीत राबतात, त्यांच्यापेक्षा मला जास्त मिळतं, मग आणखी कशाला मागायचं? त्यावर बोल्टनचा लेफ्ट बॅक टॉमी बँक्स उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की तुझ्या वडिलांना कोळसा खणताना बघायला तीस हजार माणसं तिकीट काढून येत नाहीत, पण स्टॅनली मॅथ्यूजसारख्या नामांकित विंगरला मी अडवतो की नाही हे बघायला येतात. सभेचा नूरच पालटला.

संपाची धमकी दिल्यावर जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा गेली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. तुम्ही वीसपटीच्या नावाखाली तेच कुलूप परत आणताय.

हिशेबनीस

धागा सुरू करणाऱ्या राखीव बाक यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली. ज्या एमएलएसचं उदाहरण दिलं, तिथे वेतनमर्यादा आहेच! २००७ मध्ये बेकहॅमला आणायचं होतं म्हणून तिला भोक पाडलं. आज प्रत्येक संघाला तीन बडे खेळाडू त्या मर्यादेबाहेर ठेवता येतात. त्यामुळे वरचे तिघे सुसाट आणि बाकीचा संघ मर्यादेत दाटीवाटीने. कॅपमुळे दरी बुजली नाही, ती नियमातच लिहिली गेली.

आता वीसपट मांडून बघा. ६७,३६० चे वीसपट म्हणजे साधारण साडेतेरा लाख डॉलर. एवढ्यात मेस्सी येईल? रोनाल्डो २०२३ च्या जानेवारीत सौदीच्या अल नस्रकडे गेला, तो काही हवापालटासाठी नव्हे. आणि नियम जगभर लावलात तरी क्लब काय करेल? पोरांची राखीव फळी वेगळ्या कंपनीत टाकेल, स्टारला इमेज राइट्सचे, म्हणजे त्याचं नाव नि चेहरा वापरण्याचे पैसे दुसऱ्या खात्यातून देईल. संडरलँडचंच नवं रूप, फक्त वकील चांगले.

राखीव बाक

पळवाटा काढता येतात म्हणून नियमच नको, हे काही पटलं नाही. चोऱ्या होतात म्हणून कुणी कुलपं विकणं बंद करत नाही.

आणि खेळाचं काय? झुरिच विद्यापीठाच्या संशोधकांनी जर्मनीच्या बुंडेसलीगाचे आकडे तपासले. ज्या संघांत पगारातला फरक मोठा, तिथे ड्रिब्लिंग आणि एकट्याने चेंडू घेऊन धावणं जास्त दिसलं. पगारातली फट मैदानावर उतरते ती अशी.

हिशेबनीस

त्या अभ्यासाचा अर्धाच भाग सांगितलात. त्यातला मुख्य निष्कर्ष असा की अगदी समान पगाराचे संघ आणि फार मोठा फरक असलेले संघ, दोन्ही चांगले खेळतात. गोची होते ती अधल्यामधल्यांची. तुमचा वीसपटीचा नियम नेमका तिथेच नेऊन ठेवायचा.

थ्रो-इन

तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर भांडताय. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफप्रोने, २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार व्यावसायिक खेळाडूंची पाहणी केली. ४५ टक्के खेळाडूंचा पगार महिन्याला हजार डॉलरच्या आत. मागच्या दोन वर्षांत ४१ टक्क्यांचा पगार कधी ना कधी रखडलेला. यांना मेस्सी किती घेतो याचं सोयरसुतक नाही, एक तारखेला पैसे येतात का एवढंच बघायचं असतं.

मी काही काळ खालच्या दर्जाच्या एका क्लबमध्ये फिजिओच्या हाताखाली काम केलंय. मूळ पगार नावाला, खरी कमाई सामना खेळलात तर मिळणाऱ्या भत्त्याची. एक विंगर मांडीचा स्नायू दुखावलेला असताना आमच्याकडे न येता टॉयलेटमध्ये जाऊन स्वतःच पट्टी गुंडाळायचा आणि वरून लांब शॉर्ट्स घालायचा. कोचला कळलं तर नाव यादीतून जाईल आणि यादीतून गेलं की भाडं कुठून द्यायचं? वॉर्मअपला तो कायम कोचच्या उजवीकडे पळायचा, डावा पाय दिसू नये म्हणून. पुढे स्नायू फाटला तेव्हा क्लबने भत्ता दिला नाहीच, वर दुखापत लपवली म्हणून त्यालाच सुनावलं.

इंग्लंडमधल्या बरी क्लबचं बघा. २०१९ मध्ये पगार थकलेला असताना त्या पोरांनी संघाला वरच्या दर्जात चढवलं. ऑगस्टमध्ये क्लबलाच लीगमधून काढून टाकलं. तिथे वीसपट लावून काय साधणार होतात?

राखीव बाक

क्लब झेपत नसताना उधळतो म्हणूनच अशी दिवाळखोरी येते. खर्चाला लगाम असता तर बरीसारखे क्लब वाचले असते. युरोपच्या फुटबॉल महासंघाने, यूएफाने, उगाच नाही पगार, ट्रान्सफर (खेळाडूंची खरेदी) आणि एजंट धरून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत आणायला लावला.

गोलपोस्टमागे

बरीनंतर वर्षभरात नेमका तोच लगाम आणला होता. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या दर्जाच्या लीग वनमधल्या क्लबला एकूण पगारासाठी वर्षाला २५ लाख पौंड आणि चौथ्या दर्जाच्या लीग टूमधल्या क्लबला १५ लाख पौंड. विरोधात कोण गेलं? खेळाडूंचीच संघटना! फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने तो नियम रद्द केला. तळातल्या खेळाडूंना नको असलेलं औषध तुम्ही त्यांच्याच नावाने पाजताय.

उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेला माझी ना नाही, पण तिने दरी कमी होत नाही. ज्याचं उत्पन्न मोठं, त्याची मर्यादाही मोठी.

उजवी बगल

महिला फुटबॉलचा विषय कुणी काढला नाही, याचं नवल नाही. अमेरिकेच्या महिला लीगमध्ये, एनडब्ल्यूएसएलमध्ये, २०१३ साली किमान पगार हंगामाला ६,००० डॉलर होता. २०२२ मध्ये खेळाडू संघटनेने पहिला सामूहिक करार केला आणि किमान ३५,००० झाला. कुठल्याही स्टारचा पगार न कापता. तळ वर येतो तो संघटनेने टेबलावर बसून भांडल्यावर.

फिफाचंही ऐका. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकाला बक्षिसाची रक्कम ४४ कोटी डॉलर, २०२३ च्या महिलांच्या स्पर्धेला ११ कोटी. त्यातून प्रत्येक खेळाडूला किमान ३०,००० डॉलर असं आधी थाटात जाहीर झालं. स्पर्धा तोंडावर आली तेव्हा कळलं, पैसे देशोदेशीच्या महासंघांमार्फत जाणार.

राखीव बाक

मग वीसपट राहू दे बाजूला, पण वरचा पैसा खाली आणायची सोय हवीच, यावर मी ठाम आहे. तशी वाट आहेही. ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के त्या खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात. तसंच वर्षाला दहा लाख डॉलरवरच्या पगारातून एक टक्का कापा आणि पगार बुडालेल्यांच्या निधीत टाका. २०२० मध्ये फिफा आणि फिफप्रोने असा निधी काढला तेव्हा सगळ्या जगासाठी ठेवले १ कोटी ६० लाख डॉलर. एकट्या नेमारसाठी पॅरिसच्या पीएसजी क्लबने २०१७ मध्ये २२ कोटी २० लाख युरो मोजले होते!

हिशेबनीस

ही कल्पना निदान हिशेबात बसते. पण कापणार कोण? क्लब म्हणेल खेळाडूकडून घ्या. एजंट सांगेल, हातात पडणारी रक्कम ठरली आहे, वरचं क्लबने भरावं. शेवटी ते तिकिटावर चढणार.

थ्रो-इन

चढू दे. मला पैसे बाहेर कुठून जातात याची जास्त धास्ती आहे. महासंघाच्या खात्यातून जाणार असतील तर उजवी बगल यांनी वर लिहिलंय तेच होणार. थेट खेळाडूच्या खात्यात जमा, आणि प्रत्येक रकमेवर खेळाडू संघटनेची सही. हे दोन्ही असेल तर माझा पाठिंबा, नाहीतर विरोधात धरा.