प्रतिसाद: भंडारा-गोंदियातले सायकल मार्ग

साकोली-नवेगावबांध पट्टा सायकलसाठी उत्तम, पण "तलाव सोडले तर बघायला काही नाही" हे वर कोणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. भंडाऱ्याहून पहेला, अड्याळ करत पवनीला जा की! वैनगंगेकाठचं हे जुनं नगर, तटबंदी आणि खंदक अजून दिसतात. १९६९-७० च्या उत्खननात इथल्या जगन्नाथ टेकडीवर मोठा बौद्ध स्तूप मिळाला. त्याच्या कठड्याच्या एका खांबावर मुचलिंद नाग (बुद्धावर फणा धरणारा नागराजा) कोरलाय, नावासकट. हे ठाऊक नसेल तर माणूस टेकडीला वळसा घालून चहा प्यायला निघून जाईल. पुढे गोसेखुर्द धरणाचं विस्तीर्ण पाणी आहेच.

रस्त्याचं म्हणाल तर घाट नाही, चढ किरकोळ. खरा त्रास रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत होतो. बांधीत (धानाच्या शेतात) चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर लोखंडी चाकांनी डांबरावर चिखलाचे ढेकळं टाकत जातात, वर पाऊस पडला की बारीक टायर सरळ घसरतो. त्यामुळे जुलै-ऑगस्ट टाळा. धान कापणीनंतर निघा, तेव्हा मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेले) तलावही भरलेले असतात. फक्त रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावरून सायकल नेऊ नका, लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात.