माल्टाच्या मताला सोन्याचा भाव?

स्टुटगार्टकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "युरोपियन संसदेची निवडणूक म्हणजे देखावा, उमेदवार कोण हेही लोकांना ठाऊक नसतं." डोकंच फिरलं. जर्मन पासपोर्ट घेतल्यावर जून २०२४ ला मी मत दिलं. ही लांबलचक मतपत्रिका, तीसच्या वर पक्ष, प्रत्येकाची पहिली दहा नावं छापलेली. फुली एकच, तीही पक्षाच्या यादीला. जागा मतांच्या प्रमाणात, किमान टक्केवारीची अट नाही, त्यामुळे चिल्लर पक्षांचाही एखादा माणूस पोचतो. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांत खासदार होतो, तो देखावा नव्हे?

खवचटकाका: म्हणजे यादीत वर कोण, खाली कोण हे पक्षश्रेष्ठी ठरवणार. त्यासाठी जर्मनीला कशाला जायचं?

डब्लिनची_वहिनी: काका, सगळीकडे बंद यादी नसते. आयर्लंडमध्ये नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. मोजणी मात्र संपता संपत नाही. आमचे हे टीव्हीसमोरून हलेनात, ताटही तिथेच न्यावं लागलं.

खवचटकाका: बरं, त्या चिमुकल्या माल्टा बेटाचं बोला. साडेपाच लाख वस्तीला युरोपियन संसदेत ६ जागा, जर्मनीच्या आठ कोटींवर लोकांना ९६. एका माल्टावाल्याचं मत नऊ जर्मनांएवढं! हा न्याय?

म्हापसेकर: लहानांना झुकतं माप नको? लोकसंख्येनेच वाटलं तर माल्टाला जेमतेम एक जागा येईल.

खवचटकाका: गोवेकर हेच म्हणणार! २०११ च्या जनगणनेत तुम्ही पंधरा लाखही नव्हता, तरी खासदार दोन. आम्ही महाराष्ट्रवाले सव्वाअकरा कोटी, खासदार ४८.

म्हापसेकर: तुमचे ४८ दिल्लीत काय दिवे लावतात ते दिसतंच. उद्या नव्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना झाली की उत्तर प्रदेशासमोर तुम्हीच माल्टा व्हाल. तेव्हा येऊ रडायला?

खवचटकाका: आम्ही कुटुंब नियोजन केलं ही चूक का?

स्टुटगार्टकर: अहो, धागा युरोपचा आहे!

म्हापसेकर: युरोपचंच सांगतो. माझ्या मावसभावाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला. इथलं मत गेलं, युरोपियन संसदेतल्या पोर्तुगालच्या २१ जागांसाठी मत देता येतं, पण एकदाही दिलं नाही. म्हणतो, "माझ्या गटाराचा प्रश्न ब्रुसेल्स सोडवणार काय?"

डब्लिनची_वहिनी: मग न देणाऱ्याने तक्रार करू नये. बेल्जियममध्ये मतदान सक्तीचं आहे, तेच बरं.

खवचटकाका: सक्ती! घ्या. ठीक आहे स्टुटगार्टकर, तुमची पद्धत आमच्यापेक्षा बरी. पण त्या संसदेला स्वतःहून कायदा मांडता येत नाही, तो युरोपियन आयोगाने, म्हणजे तिथल्या कार्यकारी मंडळाने मांडायचा. तेवढं मतपत्रिकेवर छापलं होतं का?

स्टुटगार्टकर: नाही. दुरुस्त्या करता येतात, फेटाळता येतो. तुमच्या ४८ पैकी कितीजण तेवढं तरी करतात?