पोट, पाय आणि पाखाडी : साठीनंतरचे अनुभव लिहा

वय ६८, मुक्काम गुहागर. बद्धकोष्ठ आणि पायांच्या फुगलेल्या शिरा, दोन्ही बारा वर्षं सोबतीला आहेत. पोटाचा डॉक्टर वेगळा, पायांचा वेगळा. एकाचं ऐकावं तर दुसऱ्याचं मोडतं. पायाचे घट्ट मोजे सकाळी उठण्याआधी, सूज उतरलेली असताना घालायचे. पण मला उठल्याउठल्या परसाकडे पळावं लागतं आणि उकिडवं बसलं की मोजा गुडघ्यामागे काचतो. म्हणून जाऊन येते, अर्धा तास पाय उशीवर ठेवून पडते, मग मोजे चढवते. मे महिन्यातल्या घामात तेही जमत नाही. तुमचं कसं चाललंय?

मालवण, ७४
माझं हृदय कमजोर, म्हणून दिवसाला दीड लिटरच पाणी. इसबगोलला तर भरपूर पाणी लागतं. कमी पाण्यात घेतलं, पोटाचा पार दगड झाला. मग डॉक्टरांनी औषध बदललं. सकाळची उकड्या तांदळाची पेज आणि दुपारची सोलकढीसुद्धा त्या दीड लिटरातच धरायची, हे मला दोन वर्षांनी कळलं! मिठामुळे सुका बांगडा बंद झाला, त्याचं दुःख वेगळंच.

देवगड, ७०
माझे घोटे सुजायचे ते रक्तदाबाच्या अम्लोडिपिनमुळे. डॉक्टरांनी गोळी बदलली, सूज गेली. स्वतःहून बंद करू नका हो.

रत्नागिरी, ७२
अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. शौचाला डांबरासारखं काळं झालं. लोहाच्या गोळीनेही काळं होतं, म्हणून चार दिवस घालवले. पोटात रक्तस्राव निघाला. तुम्ही एक दिवसही थांबू नका.

राजापूरजवळचं गाव, ६६
चालताना पोटरी धरायची, थांबलं की सुटायची. शेजारणीने तिचे घट्ट मोजे दिले. बरं झालं घातले नाहीत, कारण डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, पायाची धमनीच अरुंद निघाली, आणि तशा पायाला ते मोजे घातक. डॉक्टर म्हणाले, मिश्री सोडा, भाजलेली तंबाखूच ती. आता कसं सांगू, चाळीस वर्षं मिश्री लावल्याशिवाय मला शौचाला झालंच नाही! सोडली तशी तीन आठवडे पोट फुगून बसलं. पायासाठी सोडली नि पोटाने सूड घेतला. आता रात्री भिजवलेले मनुके, पहाटे गरम पाणी, आणि होवो न होवो, ठरल्या वेळी जाऊन बसायचं. रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. देवळाच्या पाखाडीवर, म्हणजे चढाच्या पायऱ्यांवर, पूर्वी चारदा बसायचे, आता दोनदा बसते. मिश्रीची डबी अजून फडताळात आहे, रिकामी.