ज्वारीच्या कडब्याच्या पाण्याने मिरचीतलं तण आवरेल का?

प्रश्न (डिचोली, गोवा): भात कापून झालेल्या मोरड (उंचवट्यावरच्या) शेतात मिरची लावायची आहे, शेजारी तांबड्या भाजीचे वाफेही. लव्हाळा आणि रानमाठ फार माजतात. ज्वारीचा कडबा भिजवून ते पाणी फवारलं तर तण उगवत नाही म्हणतात. प्रमाण काय घ्यावं?

सत्तरीहून: त्या पाण्यावर भिस्त ठेवू नका. ज्वारीचं खरं अस्त्र म्हणजे सॉर्गोलिओन हे द्रव्य. ते मूळकेसांच्या टोकाशी पिवळसर, तेलकट थेंबांनी पाझरतं. भिंगातून थेंब स्वच्छ दिसतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला चिकटून राहतं आणि नुकत्या उगवलेल्या रोपाचं प्रकाशसंश्लेषण रोखतं. कडब्याच्या पाण्यात उतरतात ती मुख्यतः फिनॉलिक आम्लं, आणि जमिनीतले जिवाणू ती लवकर संपवतात.

म्हणून ज्वारी शेतातच वाढवा. 100 चौरस मीटरला अर्धा किलो बी दाट फोका. 40-45 दिवसांनी, निसवण्याआधी (कणीस बाहेर पडण्याआधी), जमिनीलगत कापा आणि ताटं तिथेच अंथरा. मुळं उपटू नका. पाणी तुंबू देऊ नका. चिखलात मूळकेस नीट धरत नाहीत, मग थेंब येणार कुठून?

केपेहून: बाब, लव्हाळ्याला याने फारसं काही होणार नाही. तो गाठींतून फुटतो, पोटात साठा घेऊन. गाठी खणूनच काढाव्या लागतील. मार बसतो तो बारीक बियांच्या तणांना, म्हणजे रानमाठाला. पण तांबडी भाजीही माठच! ती त्याच वाफ्यात पेरलीत तर तिचीही उगवण मार खाईल. मिरचीचं बी टाकू नका, तयार रोपं लावा, तीही ज्वारी कापल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. अळसांदे (मोठ्या दाण्याची चवळी) मात्र 3-4 सेंटिमीटर खोल पेरले तर बहुधा निभावतात, बी मोठं असतं.

डिचोली: मग भाजी कधी पेरू?

सत्तरीहून: एका कुंडीत त्या वाफ्याची माती भरा, दुसरीत ज्वारी नसलेल्या जागेची. दोन्हींत भाजीचं 20-20 बी टाका, सहाव्या दिवशी मोजा. उगवण सारखी आली की पेरा.

काणकोणहून: दोन गोष्टी राहिल्या. मिरचीची खालची पानं पिवळी पडली, पण मुळं पांढरी असली, तर दोष सॉर्गोलिओनचा नाही. ताटं कुजताना जिवाणू नत्र ओढून घेतात. कुजलेलं शेणखत घाला. मुळांची टोकंच तपकिरी, खुंटलेली दिसली तर लागवड घाईने झाली. आणि कोवळी ज्वारी गुरांच्या तोंडी लागू देऊ नका. तिच्यातल्या धुरिन या द्रव्यापासून पोटात सायनाइड सुटतं आणि जनावर दगावतं. त्या दिवसांत कुंपण पक्कं ठेवा.