आईबाबांसाठी मुंबई–न्यूयॉर्क: थेट की अबू धाबीमार्गे?

सभासद, एडिसन

नमस्कार मंडळी,
आईबाबा जानेवारीत पहिल्यांदाच इकडे न्यू जर्सीला येताहेत. एजंट म्हणतो थेट विमान घ्या, अंतर कमी पडतं. बाबांनी तिकीट वाचलं, पहाटे २ ला निघून सकाळी साडेसातला पोचणार, आणि म्हणाले, "साडेपाच तासांचा तर प्रवास, मध्ये उतरायचं कशाला?" जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

सभासद, पिस्कॅटवे

ताई, हिवाळ्यात आपण भारताच्या साडेदहा तास मागे असतो. त्यामुळे बाबांचे साडेपाच तास म्हणजे खरे सोळा. (मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे सरकली की फरक साडेनऊचा.)

आता अंतर. मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) सरळ मोजलं तर साधारण १२,५३० किमी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत तो पार नॉर्वेच्या बाजूने येतो. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, आणि ती विमानं आखाताकडून, युरोपवरून यायला लागली. म्हणजे 'थेट' विमानालाही वळसा आलाच.

अबू धाबीमार्गे १,९७० अधिक ११,०३०, म्हणजे १३,००० किमी. सरळ अंतराहून जेमतेम पावणेपाचशे जास्त, विमानाच्या हिशेबात अर्धा तास! एजंट अंतर कसलं सांगतोय, वेळ खातो तो मधला थांबा.

पण त्या थांब्याचा एक मोठा फायदा आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं. इथे उतरल्यावर रांग नाही, बॅगा घ्या आणि बाहेर या. फक्त दोन तासांचं कनेक्शन घेऊ नका. तिथे परत सिक्युरिटी असते, जीव टांगणीला लागतो. चार तास तरी ठेवाच.

सभासद, प्रिन्स्टन

काका, हिशेब पटला, तरी मी थेटच सुचवेन. रात्रीच्या वेळी अनोळखी विमानतळावर गेट शोधायचं म्हणजे पहिल्यांदाच येणाऱ्यांची तारांबळ. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा. ती मागण्यात कमीपणा कसला? माणूस सोबत असतो, फॉर्मपासून बॅगांपर्यंत सगळं बघतो. सीट आईलची (मधल्या वाटेकडची) घ्या, दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा. परतीला वारा पाठीशी असतो, तेव्हा दीड-दोन तास वाचतात.

सभासद, एडिसन

सगळ्यांचे आभार. येताना थेट आणि व्हीलचेअर, असं ठरवतेय. पुण्याहून किती वाजता निघायला सांगू?

सभासद, पिस्कॅटवे

रात्री ११ पर्यंत टी-२ वर (मुंबई विमानतळाचं टर्मिनल २) पोचायला हवेत, म्हणून संध्याकाळी सहाच्या आत घर सोडू द्या. शुक्रवार असेल तर पाचलाच, एक्सप्रेसवेला घाटात अडकायला होतं. आणि तारीख नीट बघा. १५ तारखेचं पहाटे २ चं विमान असेल तर टॅक्सी १४ च्या संध्याकाळची सांगायची.