मदत हवी आहे: ईमॅक्समधल्या ज्या सोयीचं नावच ठाऊक नाही, ती नवख्यांनी शोधायची कशी?

नमस्कार मंडळी,

आमच्या गटात नव्याने आलेल्यांना मी ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर शिकवतो आहे. लिहिणं, जतन करणं, शोधून बदलणं लवकर जमतं. अडतं ते त्यानंतर.

समजा, बऱ्याच ओळींच्या सुरुवातीला एकच चिन्ह लावायचं आहे. त्यासाठी स्ट्रिंग-रेक्टँगल ही कमांड आहेच. पण नवखा माणूस 'कॉलम' शोधतो. कंट्रोल-एच ए (नावावरून कमांड शोधायची कळ) दाबून कॉलम शोधलं तर ती सापडत नाही, कारण नावात तो शब्दच नाही. डायर्डमध्ये (ईमॅक्समधल्या फाइलींच्या यादीत) कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबलं की फाइलींची नावं साध्या मजकुरासारखी बदलता येतात. किती कामाची सोय! कुणी दाखवल्याशिवाय ती कळणार कशी?

व्हिच-की हे पॅकेज (जोड-प्रोग्रॅम) चालू करून दिलं आहे (30व्या आवृत्तीपासून ते सोबतच येतं). कंट्रोल-एक्स दाबून थांबलं की पुढच्या कळा दिसतात, पण मुळात कुठली कळ दाबायची हे माहीत हवं. व्हर्टिको आणि मार्जिनालिया या पॅकेजेसमुळे कमांडच्या शेजारी तिचं एका ओळीचं वर्णन दिसतं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ऑल्ट-शिफ्ट-एक्सचा. चालू बफरशी (उघडलेल्या मजकुराशी) संबंधित कमांडच तेवढ्या समोर येतात. 28व्या आवृत्तीपासून आहे, तरी फार थोड्यांना ठाऊक दिसतं.

पॅकेजेसचं आणखी अवघड. मेल्पा हे पॅकेजेसचं भांडार जोडलं की यादी हजारोंची होते. त्यातलं कोणतं सांभाळलं जातंय, कशाची गरज उरलेली नाही, हे नवख्याला कळत नाही. एग्लॉट (प्रोग्रॅमिंग भाषांच्या मदतीसाठी) आणि यूज-पॅकेज (पॅकेजेसची मांडणी करण्यासाठी) 2023 सालच्या 29व्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्येच आहेत, पण जुने लेख वाचून मुलं ती वेगळी बसवायला जातात.

व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये नव्या भाषेतली फाइल उघडली की योग्य एक्स्टेन्शन सुचवलं जातं. ईमॅक्समध्ये असं काही कुणी वापरतं का? रोजच्या वापरात त्रासदायक न होणारं हवं.

दुसरं, अ‍ॅप्रोपोस-सिनॉनिम्स नावाच्या व्हेरिएबलमध्ये कंट्रोल-एच ए च्या शोधासाठी पर्यायी शब्द भरता येतात. 'कट' शोधलं तरी 'किल' सापडतं ते त्यामुळेच. तिथे रेक्टँगलसाठी कॉलम मी घालतो आहे. कुणी अशी मोठी यादी आधीच केली असेल तर कृपया इथे द्या. नसेल, तर तुम्ही सुरुवातीला कोणत्या शब्दाने शोधत होता आणि ईमॅक्समध्ये तो कोणत्या नावाने निघाला, एवढं लिहिलंत तरी मी ते गोळा करून याच धाग्यात टाकेन.